जुनी मॅन्युअल गाडी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सेकंडहँड मॅन्युअल गाडी घेतलेल्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेकांची सुरुवात 'गिअरबॉक्स गेला का?' अशी होते आणि बहुतेक वेळा उत्तर 'नाही' असंच निघतं. दोष क्लचमध्ये, ऑइलमध्ये नाहीतर इंजिन धरून ठेवणाऱ्या माऊंटिंगमध्ये सापडतो. म्हणून गिअरबॉक्स खाली उतरवायला हो म्हणण्याआधी त्रास नेमका केव्हा होतो ते टिपून ठेवा: इंजिन चालू असताना की बंद असताना, पेडल दाबल्यावर की सोडल्यावर, गाडी थंड असताना की तापल्यावर. एवढं सांगता आलं की अर्धं निदान झालं.

१. जुनी मॅन्युअल गाडी बघायला जाताना क्लच आणि गिअरचं काय काय तपासायचं?

गाडी थंड असतानाच बघा. 'मी येईपर्यंत चालू करू नका' असं आधी सांगून ठेवा आणि पोचल्यावर बॉनेटला हात लावून पाहा. झिजलेल्या गिअरबॉक्सचे दोष थंड ऑइलमध्ये जास्त उघडे पडतात आणि दहा मिनिटं चालवल्यावर त्यातले काही लपतात.

इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघा. मग इंजिन चालू करून तेच करा. रिव्हर्स निदान चार-पाच वेळा टाका. चालवताना प्रत्येक गिअर वर जातानाही वापरा आणि खाली येतानाही. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येणं ही सगळ्यात कडक परीक्षा असते. प्रत्येक गिअरमध्ये एकदा अॅक्सिलरेटर दाबा आणि एकदम सोडा, लिव्हर जागचा हलतो का बघा (प्रश्न ९). क्लच स्लिपची, म्हणजे क्लच सटकण्याची, चाचणी प्रश्न ३ मध्ये आहे.

आणखी एक बारीक गोष्ट. मीटरवर किलोमीटर कमी दिसत असतील आणि क्लच पेडलचं रबर मात्र गुळगुळीत झालं असेल, तर मीटरपेक्षा रबरावर विश्वास ठेवा.

२. क्लच प्लेट किती किलोमीटर टिकते?

याचं एक आकड्याचं उत्तर नाही, कारण प्लेट (इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे नेणारी चकती) किलोमीटरने झिजत नाही, घासल्याने झिजते. हमरस्त्यावर तासभर एकाच गिअरमध्ये चाललेल्या गाडीत ती जवळजवळ झिजतच नाही. गर्दीत हाफ क्लचवर (पेडल अर्धवट दाबून) सरकणाऱ्या गाडीत त्याच तासात शेकडो वेळा घासते. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांत एकीची प्लेट ४०,००० किलोमीटरला संपते आणि दुसरीची दीड लाखानंतरही चालू असते. म्हणून आधीच्या मालकाला 'किती चालली?' याबरोबर 'कुठे चालली आणि कोणी चालवली?' हेही विचारा.

३. क्लच स्लिप होतोय हे घरच्या घरी कसं ओळखू?

मोकळ्या, सपाट रस्त्यावर ताशी ५० च्या आसपास सगळ्यात वरचा गिअर टाका आणि अॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा आणि वेग बरोबरीने, संथपणे वाढले पाहिजेत. काटा झपकन वर गेला आणि वेग मागेच राहिला तर क्लच सटकतोय. वरच्या गिअरमध्ये क्लचवर सगळ्यात जास्त भार येतो, त्यामुळे सुरुवातीची स्लिप तिथेच पकडता येते. पहिल्या-दुसऱ्यात ती दिसेपर्यंत प्लेट संपत आलेली असते.

हँडब्रेक ओढून तिसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडायचा, ही जुनी चाचणीही खरी आहे. चांगला क्लच असेल तर इंजिन लगेच बंद पडतं. पण ती एकदाच करा. वारंवार केली तर तपासण्याच्या नादात प्लेट जळते.

स्लिप म्हणजे प्रत्येक वेळी प्लेट संपली असं मात्र नाही. क्लच वायर गरजेपेक्षा जास्त ताणलेली असेल किंवा प्लेटवर ऑइल आलं असेल तरी हेच लक्षण दिसतं.

४. माझा क्लच अगदी वर येऊन पकडतो. प्लेट संपली का?

गाडीचा क्लच वायरचा आहे की हायड्रॉलिक (द्रवाच्या दाबावर चालणारा), ते आधी बघा. वायरच्या क्लचमध्ये प्लेट झिजत जाते तसा पेडलचा मोकळा खेळ कमी होतो आणि पकडण्याची जागा वर सरकते. तिथे हे लक्षण उपयोगाचं आहे. वायर अॅडजस्ट करून जागा खाली आणता येते. अॅडजस्टमेंटचा स्क्रू संपला की प्लेटही संपत आलेली असते. हायड्रॉलिक क्लच मात्र झीज स्वतःच भरून काढतो, त्यामुळे तिथे पकडण्याच्या जागेवरून प्लेटचं आयुष्य सांगणं हा अंदाजच राहतो. प्रश्न ३ ची चाचणी करा, तीच खरी.

उलट अगदी खाली, जमिनीजवळ पकडत असेल तर प्रश्न ५ आणि ६ वाचा.

५. क्लच पेडल जड झालंय / पेडल एकदम मऊ लागतं / पेडल खालीच राहतं.

जड पेडल हळूहळू होतं, म्हणून रोज चालवणाऱ्याला कळत नाही. दुसऱ्या कुणी गाडी चालवली की तो सांगतो. वायरच्या क्लचमध्ये आधी वायर बघा. आतले धागे तुटायला लागले की ती आवरणात अडकते, पेडल जड होतं, आणि अशी वायर एक दिवस रस्त्यात तुटते (प्रश्न १३). वायर ठीक असेल तर रिलीज फोर्क (क्लच सोडवणारा दांडा) कोरडा पडला असेल किंवा प्रेशर प्लेट (क्लच प्लेटला दाबून धरणारी) झिजली असेल.

मऊ किंवा खाली राहणारं पेडल म्हणजे हायड्रॉलिक क्लचमध्ये हवा शिरली आहे किंवा गळती आहे. पेडलच्या वर, दांड्याजवळ ओल दिसली तर मास्टर सिलिंडर (पेडलने दाब तयार करणारा). गिअरबॉक्सच्या बाजूला दिसली तर स्लेव्ह सिलिंडर (त्या दाबाने क्लच सोडवणारा). काही गाड्यांत स्लेव्ह सिलिंडर गिअरबॉक्सच्या आत, शाफ्टभोवती बसवलेला असतो. तो गळायला लागला तर गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, इलाज नाही.

या क्लचमध्ये बहुतेक ब्रेक फ्लुइडच असतं आणि अनेक गाड्यांत ब्रेक आणि क्लच यांची टाकी एकच असते. ते हवेतली आर्द्रता ओढून घेतं, काळं पडतं, म्हणून साधारण २ वर्षांनी बदलावं. टाकीच्या झाकणावर लिहिलेलाच प्रकार घाला. मोजक्या गाड्यांत खनिज तेल असतं आणि त्यांत ब्रेक फ्लुइड घातलं तर सगळी रबरं फुगून खराब होतात.

६. गिअर पडतच नाहीत, जोर लावावा लागतो. गिअरबॉक्स खोलावा लागेल का?

सर्वाधिक येणारा प्रश्न हाच, आणि याच प्रश्नावर लोकांचा सर्वाधिक पैसा फुकट जातो.

इंजिन बंद करा आणि गिअर टाकून बघा. इंजिन बंद असताना सगळे गिअर लोण्यासारखे पडत असतील आणि चालू केल्यावर अडत असतील, तर गिअरबॉक्स बहुधा निर्दोष आहे. क्लच पूर्ण सुटत नाहीये. पेडल तळापर्यंत दाबूनही प्लेट फ्लायव्हीलला (इंजिनाच्या जड फिरत्या चाकाला) घासत राहते, इनपुट शाफ्ट (गिअरबॉक्समध्ये ताकद आणणारा दांडा) फिरत राहतो आणि फिरत्या शाफ्टवर गिअर नीट बसत नाही. कारणं साधी असतात: फ्लुइड कमी, लाइनमध्ये हवा, वायर सैल. पेडलखाली जाड मॅट घुसली असेल तरी असंच होतं, म्हणून तेवढं आधी वाकून बघा.

खात्री करायची असेल तर इंजिन चालू ठेवून क्लच पूर्ण दाबा, पाच-सहा सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. तरीही खर्रकन वाजलं तर शाफ्ट अजून फिरतोय.

इंजिन बंद असतानाही गिअर अडत असतील तर लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंतच्या केबल, दांडे आणि त्यांचे बुश तपासा. प्लॅस्टिकचा एक छोटा बुश झिजला की लिव्हर ढिला होतो, तिसरा टाकायला जावं तर पहिला लागतो. हे सगळं ठीक निघालं तरच गिअरबॉक्सच्या आत शिरा.

हे मी एवढ्या कळकळीने लिहितो, कारण माझ्या पहिल्या जुन्या गाडीचा गिअरबॉक्स मी खोलू दिला होता. सिंक्रोनायझर रिंग (प्रश्न ७) बदलल्या, गाडी परत आली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गिअर तसेच अडले. नंतर एका दुसऱ्या मेकॅनिकने टाकीचं झाकण उघडून काळंभोर फ्लुइड दाखवलं आणि पाझरणारा स्लेव्ह सिलिंडर बदलला. त्यानंतर ती तक्रार पुन्हा आली नाही. इंजिन बंद करून गिअर टाकून बघायला अर्धं मिनिट लागतं. तेव्हा मला ते माहीत नव्हतं.

७. फक्त दुसरा गिअर टाकताना 'खर्र' होतं, तेही सकाळीच. का?

बाकी गिअर ठीक आणि एकच वाजतो, म्हणजे त्या गिअरची सिंक्रोनायझर रिंग झिजली आहे. गिअर जुळण्याआधी दोन्ही भागांचा वेग सारखा करणं हे या रिंगचं काम. दुसऱ्यात ही तक्रार जास्त येते, कारण पहिला आणि दुसरा यांच्या गुणोत्तरात मोठं अंतर असतं, आणि गर्दीत तिसऱ्यावरून दुसऱ्यावर सतत यावं लागतं. सकाळी ऑइल थंड आणि दाट असतं, म्हणून रिंगला शाफ्टचा वेग बदलायला जास्त कष्ट पडतात. गाडी तापल्यावर आवाज थांबत असेल तर घाईने काही उघडू नका. योग्य ऑइल बदलून (प्रश्न ८) आणि लिव्हर किंचित सावकाश नेऊन अशी गाडी वर्षानुवर्षं चालते.

डबल क्लच शिकून घेतलात तर फारच छान. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडा, गिअर खाली आणायचा असेल तर थोडी रेस द्या, पुन्हा क्लच दाबा आणि गिअर टाका. सिंक्रोनायझर असलेला गिअरबॉक्स कॅडिलॅकने १९२८ मध्ये आणला. त्याआधीचे अनेक चालक असंच चालवत.

८. गिअर ऑइल 'आयुष्यभर चालतं' म्हणतात. बदलू का? आणि कोणतं घालू?

बदला. माझं मत ठाम आहे: जुनी गाडी घेतली आणि गिअर ऑइल कधी बदललं याची नोंद नसेल, तर पहिल्याच सर्व्हिसला बदला. पुढे ६० ते ८० हजार किलोमीटरला बदललं तरी पुरतं.

कोणतं घालायचं ते गाडीच्या पुस्तिकेतूनच ठरवा. ७५डब्ल्यू-८० आणि ७५डब्ल्यू-९० हा झाला दाटपणा. त्याच्यासोबतचा जीएल-४ किंवा जीएल-५ हा ऑइलचा वर्ग त्याहून महत्त्वाचा. जीएल-५ हे जास्त दाब सोसणारं, डिफरन्शियलसाठी (चाकांना ताकद वाटून देणाऱ्या भागासाठी) उत्तम ऑइल. पण त्यातली रसायनं काही गिअरबॉक्सच्या पितळी सिंक्रो रिंगना मानवत नाहीत. आकडा मोठा म्हणजे ऑइल भारी, हा समज चुकीचा आहे. काही गाड्यांत वेगळंच ठरवून दिलेलं पातळ ऑइल किंवा ऑटोमॅटिकचं फ्लुइड लागतं.

बदलताना आधी वरचा, भरायचा बोल्ट सुटतो का ते बघा आणि मगच खालचा उघडा. ऑइल काढून टाकल्यावर वरचा बोल्ट गंजून अडकलेला निघाला तर गाडी जागेवरच अडकते. खालच्या बोल्टच्या चुंबकावर करडी मऊ पेस्ट असणं स्वाभाविक आहे. हाताला टोचणारे तुकडे लागले तर काळजी करा.

९. चालता चालता गिअर आपोआप निसटून न्यूट्रल होतो. चालवत राहू का?

नको. उतारावर किंवा ओव्हरटेक करताना गिअर निसटला तर धोका थेट तुम्हाला आहे. कारण आत असू शकतं: गिअरचे छोटे दाते झिजलेले, लिव्हर जागेवर धरणारी स्प्रिंग कमजोर. किंवा बाहेर असू शकतं: केबलची अॅडजस्टमेंट बिघडलेली, नाहीतर इंजिनचं माऊंटिंग तुटलेलं. माऊंटिंग तुटलं की अॅक्सिलरेटर दाबता-सोडताना अख्खं इंजिन झुलतं आणि लिव्हरला ओढ बसते. माऊंटिंग बदलणं स्वस्त आहे, म्हणून तपासणी तिथून सुरू करा. लिव्हर हाताने धरून ठेवून चालवणं हा उपाय नव्हे.

१०. रिव्हर्स टाकताना वाजतं, आणि मागे जाताना 'घूंऽऽ' असा आवाज येतो.

दुसरा आवाज स्वाभाविक आहे. बहुतेक गाड्यांत रिव्हर्सचे दाते सरळ कापलेले असतात आणि सरळ दाते गातातच. टाकताना वाजणं बहुधा घाईमुळे होतं: बऱ्याच रिव्हर्सला सिंक्रोनायझर नसतो. गाडी पूर्ण थांबवा, क्लच दाबून तीन सेकंद थांबा. तरी अडला तर आधी एखादा पुढचा गिअर लावा, त्याचा सिंक्रोनायझर शाफ्ट थांबवेल, आणि मग रिव्हर्स टाका. हेही चाललं नाही तर प्रश्न ६.

११. आवाज येतो, पण कुठून ते कळत नाही.

न्यूट्रलमध्ये उभे असताना येतो आणि क्लच दाबला की थांबतो: गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग. क्लच दाबल्यावरच सुरू होतो: रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं). एकाच गिअरमध्ये येतो: त्या गिअरचे दाते किंवा बेअरिंग. कोणत्याही गिअरमध्ये, अगदी न्यूट्रलमध्ये गाडी घरंगळतानाही वेगाबरोबर वाढतो: गिअरबॉक्सवर शंका घेण्याआधी चाकाचं बेअरिंग आणि टायर बघा. वळताना टकटक: ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट.

एक मजेशीर अपवाद मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत सापडतो. सगळ्या गिअरमध्ये येणारा आवाज चौथ्यात नाहीसा होतो, कारण अनेक जुन्या गिअरबॉक्समध्ये चौथा गिअर थेट जोडलेला असतो आणि बाकीच्या गिअरना ताकद पोचवणाऱ्या खालच्या शाफ्टवर भारच येत नाही. म्हणजे दोष खालच्या शाफ्टच्या बेअरिंगमध्ये.

१२. पहिल्यात गाडी उचलताना थरथरते. आणि क्लच बदलायचाच असेल तर सोबत काय काय बदलू?

थरथरीचं पहिलं कारण माऊंटिंग (प्रश्न ९). दुसरं, इंजिनच्या मागच्या सीलमधून किंवा गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलमधून प्लेटवर आलेलं ऑइल. तिसरं, जास्त तापून फ्लायव्हीलवर पडलेले निळसर डाग. ऑइल आलेली प्लेट पुसून वाचत नाही.

बदलताना प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग हा संच एकत्रच बदला. खरी मजुरी गिअरबॉक्स उतरवण्याची असते. बेअरिंगचे पैसे वाचवले आणि तेच महिन्याभरात ओरडायला लागलं तर ती मजुरी पुन्हा द्यावी लागते. गिअरबॉक्स खाली असतानाच मागचं सील बघून घ्या आणि फ्लायव्हीलचा पृष्ठभाग तपासा. नव्या प्लेटला पहिले पाचेकशे किलोमीटर सांभाळून वापरा.

डिझेल आणि टर्बो गाड्यांत बऱ्याचदा दोन भागांचा, आत स्प्रिंग असलेला ड्युअल मास फ्लायव्हील असतो. इंजिन बंद करताना 'खडखड' वाजून थांबत असेल तर तो ढिला झाला असेल. तो महाग असतो, म्हणून अशी गाडी विकत घेण्याआधीच चौकशी करा. वरच्या गिअरमध्ये अगदी कमी आरपीएमवर गाडी ओढत नेणं हे त्याच्या झिजण्याचं मोठं कारण आहे.

१३. रस्त्यात क्लच वायर तुटली. घरी कसा येऊ?

जमत असेल तर गाडी उचलून न्या. अगदीच इलाज नसेल आणि रस्ता मोकळा असेल तर असं करता येतं: इंजिन बंद असताना पहिला गिअर टाका आणि किल्ली फिरवा. स्टार्टरच्या जोरावर गाडी धक्का घेत चालू पडते. पुढचा गिअर टाकताना अॅक्सिलरेटर सोडा, लिव्हर हलक्या हाताने न्यूट्रलमध्ये ओढा, आरपीएम खाली येऊ द्या आणि पुढच्या गिअरवर नुसता दाब ठेवा. वेग जुळला की तो आपोआप आत जातो. थांबायचं असेल तर न्यूट्रल करा, नाहीतर इंजिन बंद करा. क्लच दाबल्याशिवाय स्टार्टर फिरत नाही अशा गाड्यांत वायर तुटली तरी पेडल दाबून धरलं की स्विच दबतो आणि गाडी चालू होते.

१४. बॅटरी उतरली तर धक्का मारून चालू करू का?

हो, पण पहिल्यापेक्षा दुसऱ्या गिअरमध्ये. धक्का कमी बसतो. किल्ली चालू ठेवा, क्लच दाबा, वेग आला की एकदम सोडा आणि इंजिन पेटताच पुन्हा दाबा. इंजिन पेटेपर्यंत स्टिअरिंग आणि ब्रेक जड लागतील हे लक्षात ठेवा. आजच्या इंजेक्शन इंजिनांना कॉम्प्युटर आणि इंधन पंपासाठी थोडी वीज लागतेच. बॅटरी पूर्ण मेली असेल, डॅशबोर्डवर एकही दिवा लागत नसेल, तर कितीही ढकला, उपयोग नाही. दोन-तीन प्रयत्नांत पेटली नाही तर थांबा, कारण न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो खराब करू शकतं.

१५. उतारावर न्यूट्रल केलं तर इंधन वाचतं ना?

इंजेक्शनच्या गाडीत उलट आहे. गिअरमध्ये असताना अॅक्सिलरेटर पूर्ण सोडला की चाकं इंजिनाला फिरवतात आणि इंधन पुरवठा बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन जिवंत ठेवायला इंधन लागतंच. शिवाय सगळा भार ब्रेकवर येतो आणि लांब उतारावर तापलेले ब्रेक पकडेनासे होतात. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीत इंधनाचा हिशेब वेगळा असेल, ब्रेकचा तोच राहतो.

१६. लिव्हरवर हात, पेडलवर पाय आणि सिग्नलला क्लच दाबून थांबणं: यातलं खरंच वाईट काय?

पेडलवर पाय ठेवणं सगळ्यात वाईट. नुसत्या पायाच्या वजनानेही रिलीज बेअरिंग फिरत राहतं आणि क्लच किंचित सटकतो. त्याखालोखाल सिग्नलला क्लच दाबून थांबणं, न्यूट्रल करा. लिव्हरवर हात ठेवल्याने आतला फोर्क फिरत्या भागाला घासतो हे खरं, पण हाताचा भार किती, यावर सगळं अवलंबून आहे. सवय सोडलेली बरी, झोप उडवून घेण्याचं कारण नाही.

१७. वेगात पाचव्याऐवजी चुकून तिसरा पडला. काही बिघडलं असेल का?

क्लच किती सोडला त्यावर आहे. लगेच पुन्हा दाबला असेल तर बहुधा काही नाही. पूर्ण सुटला असेल तर चाकांनी इंजिनाला त्याच्या मर्यादेपलीकडे फिरवलेलं असू शकतं. तिथे रेव्ह लिमिटर वाचवत नाही, कारण तो फक्त इंधन किंवा स्पार्क तोडतो. त्यानंतर इंजिन अडखळू लागलं, टकटक वाजू लागलं तर चालवू नका आणि कॉम्प्रेशन तपासून घ्या. व्हॉल्व्ह वाकलेले असू शकतात.

१८. गाडी काही महिने उभी होती. आता इंजिन चालू होतं, पण एकही गिअर पडत नाही.

प्रश्न ६ सारखंच दिसतं, पण कारण वेगळं: दमट हवेत फ्लायव्हीलवर गंज चढून प्लेट त्याला चिकटली आहे. मोकळं, सपाट मैदान हवं. पुढे-मागे भिंत किंवा माणूस नको. इंजिन न्यूट्रलमध्ये चांगलं तापवा आणि बंद करा. दुसरा गिअर टाका, क्लच पूर्ण दाबून धरा, किल्ली फिरवा. गाडी उडी मारून चालायला लागेल. क्लच दाबलेलाच ठेवून अॅक्सिलरेटर दाबा-सोडा. बहुतेक वेळा 'धप्प' होऊन प्लेट सुटते. उजवा पाय ब्रेकवर जायला तयार ठेवा. चार-पाच प्रयत्नांत सुटली नाही तर गिअरबॉक्स उतरवावा लागेल.

१९. बंद पडलेली मॅन्युअल गाडी न्यूट्रल करून कितीही लांब ओढून नेता येते ना?

नेहमी नाही. काही गिअरबॉक्समध्ये, विशेषतः मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत, इंजिनाकडून फिरणारा खालचा शाफ्टच ऑइल वर उडवतो. ओढताना चाकं वरचा शाफ्ट फिरवतात आणि खालचा थांबलेला असतो, म्हणजे वरची बेअरिंग कोरडी फिरतात. पुस्तिकेत ओढण्याचा वेग आणि अंतर यांची मर्यादा दिलेली असते, ती बघा. लांब न्यायची असेल तर ज्या चाकांना ताकद मिळते ती उचलून न्या.